पाटलाच्या पाठीचा डाग

खडकवाडीत बन्सीधर पाटलाच्या बैठकीत दोन पाटील राहत. एक हाडामांसाचा, दुसरा तेलाचा. हाडामांसाचा कधी पाथरीला जाई, कधी परभणीच्या कचेरीत चकरा मारी. तेलाचा मात्र जागचा हलत नसे. बैठकीच्या मधोमध, जाजमाखाली, सारवलेल्या जमिनीत तो हातपाय पसरून पडलेला असे. रोज सकाळी येडबा नावाचा गडी पाटलाच्या अंगाला पावशेर करडईचं तेल चोळी, आधी उताणं, मग पालथं. वीस वर्षांत त्या तेलानं जमिनीत अख्खा माणूस उतरवला होता. डोकं, खांदे, ढोपरं, सगळं जागच्या जागी. पालथं पडून पोटानं जो गोल उमटवला होता त्यात चौघांची पानं मांडता आली असती. पाटील गावाला गेले की टवाळ माणसं बैठकीच्या दारातून डागालाच रामराम घालत. हा पाटील शिव्या देत नाही, असं म्हणत.

हा डाग काढायचं काम बायनाबाईकडं होतं. सटवाजीची ही बायको. घरची सहा एकर कोरडवाहू, आणि त्यावर पाटलाच्या घरचं सारवण. शेणात माती किती आणि मातीत भुसा किती हे तिच्या बोटांना कळायचं. तिनं सारवलेल्या जमिनीला भेग म्हणून पडत नसे. पण तेल प्यालेल्या जमिनीवर सारवण धरत नाही. ओलं असेतो बरं दिसतं, वाळलं की पोपडे सुटतात आणि खालचा पाटील पुन्हा वर येतो. बायनानं राख दाबून पाहिली, ज्वारीचा कोंडा पसरून पाहिला, पांढऱ्या मातीचा थर देऊन वर तापलेल्या विटा ठेवल्या. माती तेल ओढून पिवळी व्हायची, डाग जरा फिका पडायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील नवं पावशेर तेल घेऊन त्याच जागी आडवे व्हायचे. वर चारचौघांत म्हणायचे, बायने, तुझ्या हातात काही राम उरला नाही. बारा वर्षं तिनं हे ऐकलं. तेल पाटलाचं, पाठ पाटलाची, आणि डागाची लाज मात्र बायनाची. गावाचा बाकी कारभारही असाच चाले, त्यामुळं कुणाला त्यात नवल वाटत नसे.

मागच्या साली पिकांची पाहणी करायला गिरदावरसाहेब आले होते. महसुलाचे अंमलदार, गावोगाव फिरून कुणाच्या शेतात काय पिकलं ते कागदावर घ्यायचं, हे त्यांचं काम. माणूस मोठा टापटिपीचा. पांढरीशुभ्र शेरवानी, हातात छडी. दुपारी जेवण अंगावर आलं म्हणून साहेब जाजमावर जरा लवंडले, आणि उठले तेव्हा पाटलाची पाठ त्यांच्या पाठीवर उमटलेली. मग बायनाला हाक गेली. तिनं दुपारभर त्या शेरवानीला पांढरी माती लावली, झटकली, रिठ्याच्या पाण्यात चोळली, पुन्हा माती लावली. डाग पुष्कळसा निघाला. साहेब ओली शेरवानी घालूनच छकड्यात बसले, पण जाताना त्यांनी तिचं नाव विचारून घेतलं.

यंदा ते आले ते लेव्हीसाठी. लेव्हीचं हे दुसरं वर्ष. लढाई चालली होती विलायतेकडं, आणि जोंधळा जात होता खडकवाडीचा. वरून आकडा यायचा, की अमुक गावानं सरकारी गोदामात इतकी पोती घालायची. यंदा गावाला तीस पोती कमी पडली. ती कुणाच्या घरातून काढायची याची यादी पाटलानं करायची होती, आणि पाटलानं ती इमानेइतबारे केली. त्या यादीप्रमाणं पाटलाच्या दीडशे एकरांत कीड पडून कडब्याशिवाय काही हाती लागलं नव्हतं. बायनाच्या सहा एकरांत मात्र सरकारला देण्याजोगी तीन पोती निघाली होती.

घरात होती तीच तीन पोती. लेक कासाबाई सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली होती. ज्वारी गेली तर बाळंतिणीच्या ताटात भाकरी कशाची वाढायची, या एका विचारानं बायनाच्या तोंडाची चव गेली होती. सटवाजी पाटलापुढं हात जोडून आला. पाटील म्हणाले, सरकारचा हुकूम आहे, मी बापडा काय करणार. बापडा हा शब्द पाटलाच्या तोंडून ऐकून सटवाजी आणखीच घाबरला.

साहेब यायच्या आठ दिवस आधी पाटलानं बायनाला बोलावून घेतलं होतं. बैठकीतलं जाजम गुंडाळलेलं, आणि मधोमध जमीन उकरून पुन्हा बुजवलेली. पाटील म्हणाले, तुझ्यानं डाग निघाला नाही, शेवटी मीच उकरून काढला, आता वरून नीट सारव. बायना खाली बसली आणि तिनं मातीत हात घातला. तेलाचा डाग काढायला वीतभर माती काढली तरी पुरते. ही माती तर पिवळट, मुरमाड. असली माती खोलातून वर येते. तिच्यात कडब्याचे तुकडे होते आणि ज्वारीचे दाणे होते. पाटलाच्या आज्यानं बैठकीखाली पेव खणलं होतं, धान्य साठवायची जमिनीखालची खोल कोठी, हे म्हातारी माणसं सांगत. ते नेमकं कुठं होतं हे बायनाला आता कळलं. मग पाटलाच्या बायकोनं, धुरपताबाईनं, तिला मागच्या पडवीतली रिकामी पोती झटकायला दिली. ती मोजून चाळीस भरली.

बायनानं काही विचारलं नाही, गुमान सारवलं. कीड पडलेली चाळीस पोती तिच्या हाताखाली होती आणि ती त्यांच्यावर शेणाचा हात फिरवत होती.

दुसरा एखादा असता तर सारवणारणीला चार गोड शब्द बोलला असता, एखादं लुगडं पुढं केलं असतं. बन्सीधर पाटलाला ते सुचलं नाही. बायनाला डोकं असेल अशी शंकाच त्यांना जन्मात कधी आली नव्हती. त्यांनी उलट तिला पढवलं.

"गिरदावर येणार हाय. त्येला त्यो डाग ठावं हाय. इचारलं तर सांगायचं, माज्या औषधानं गेला. कसं केलं ते बी नीट सांगायचं. समजलं का?"

"व्हय मालक," बायना म्हणाली.

साहेब आले त्या दिवशी चावडीपुढं गाडी भरून उभी होती. वरच्या थरात बायनाची तीन पोती. ती चाकाजवळ उकिडवी बसली होती, एक हात चाकावर ठेवून. गाडीवानानं दोनदा हटकलं, पण ती उठली नाही. साहेबांनी यादीवर सही केली की गाडी पाथरीच्या वाटेला लागणार होती.

साहेब बैठकीत आले आणि उभेच राहिले. एकदा पोळलेला माणूस तो. त्यांनी छडीच्या टोकानं जाजमाचा कोपरा उचलला, मग आणखी उचललं, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"दाग कां गया, पाटील?"

इथं पाटलानं एवढंच म्हणायचं, की जमीन नवी केली, आणि यादी पुढं सरकवायची. पण शाबासकी दारात आलेली पाटलाला परत पाठववत नसे. त्यांनी छाती काढून सांगितलं, की आमच्या घरी डागाचं जालीम औषध आहे. वीस वर्षांचा डाग एका दिवसात उतरवला.

साहेबांनी शाबास म्हटलं नाही. ते जमिनीवर बसले, तळहात फिरवून पाहिला आणि एकदम मऊ झाले. त्यांचंही एक दुखणं होतं. तीन वर्षांपूर्वी परभणीला त्यांचे सासरे दोन महिन्यांसाठी म्हणून राहायला आले होते, ते अजून होते. दिवसातून तीनदा डोक्याला चमेलीचं तेल. बैठकीची भिंत, गादी, तक्के, खालची जमीन, म्हातारा जिथं म्हणून टेकला तिथं त्याची निशाणी. साहेबांनी चकार शब्द काढला तर बायको दोन दिवस अबोला धरी. तालुक्यात ज्यांच्या नुसत्या छडीला लोक भीत ते साहेब स्वतःच्या घरी भिंतीपासून हातभर दूर बसत. त्यांनी लेव्हीचे कागद बाजूला सारले, कलम काढली आणि औषध सांगा म्हणाले.

पाटलानं स्वतःच सुरुवात केली. चुना, आंबट ताक, लिंबाचा रस. साहेब मान हलवत राहिले. हे सगळं करून झालं होतं. पाटलानं त्यात हळद घातली, हिंग घातला. आणखी थोडा वेळ मिळता तर फोडणीही पडली असती. शेवटी साहेब म्हणाले, त्या बाईला बोलवा.

बायना आली ती मागं वळून बघत आली. गाडीवान बैल जुंपत होता. साहेबांनी तिला ओळखलं, बसायला सांगितलं, आणि बजावलं की हातचं काही राखून न ठेवता पहिल्यापासून सांग. पाटील साहेबांच्या मागं उभे होते.

"सांग बायने," ते म्हणाले, "समदं सांग साहेबाला."

बायनानं पदर सारखा केला. शेजारणीला लोणच्याचं प्रमाण सांगावं तशा आवाजात तिनं सांगायला घेतलं.

"साहेब, वरून चोळून तेल जात न्हाई. बारा वरसं चोळलं म्या. जमीन उकरावी लागती."

साहेबांनी लिहून घेतलं आणि विचारलं, किती खोल?

"पुरुसभर."

माणसाच्या उंचीएवढा खड्डा साहेबांना जरा जास्तच वाटला, पण सासऱ्याची आठवण होऊन त्यांनी तेही लिहिलं. पाटील खोकले.

"मंग तळाला कडबा आंथरायचा. कडंनं बी कडबाच लावायचा, वल लागू नाई म्हणून. मंग त्येच्यात चाळीस पोते जवारी वतायची."

साहेबांची कलम चाळीस लिहून पोत्यांवर आली आणि थांबली.

"वर फरशी, फरशीवर माती, मातीवर सारवण," बायनानं पुरं केलं. "मालकानी हितं आसंच केलंय. बगा, हाय का कुटं डाग?"

पाटील हसायला लागले, मग बाई येडी आहे म्हणाले, मग बाईच्या सात पिढ्या येड्या आहेत म्हणाले. साहेबांनी एकदा जमिनीकडं पाहिलं, एकदा पाटलाकडं, आणि सवयीनं हात मागं नेऊन शेरवानीच्या पाठीवर फिरवला. तिथला फिकट पिवळा ठसा वर्षभर धोब्याला दाद देत नव्हता.

"कुदाल मंगाओ," ते म्हणाले.

पाटलानं सांगून पाहिलं की खाली देव आहे. साहेबांनी पायातले जोडे काढून ठेवले आणि म्हणाले, खोदा. पाटील म्हणाले, देव नाही, आज्याची समाधी आहे. तोवर येडबानं, ज्यानं ते पेव आठ दिवसांपूर्वी स्वतःच भरलं होतं, मन लावून दोन हात माती काढलीही होती. फरशी सरकवली तसा कोंडलेल्या धान्याचा गरम, आंबूस वास बैठकभर पसरला. खाली ज्वारी होती. टपोरी, पांढरी, कीड न लागलेली.

गावाची तूट त्याच पेवातून भरून निघाली. पाटलाची पाटीलकी गेली नाही. ती असल्या कारणानं जात नसते. पंचनाम्यात पस्तीस पोती लिहिली गेली. उरलेली पाच कुठं मुरली हे कुणी बायनाला विचारलं नाही. मुरलेलं निघत नाही, हे तिला बारा वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं.

गाडीवानानं तिची तीन पोती उतरवून दारात आणून टाकली. बोलताना बायनाला भीती वाटली नव्हती, ती आता वाटली. ती पोत्यावर बसून घटकाभर रडली, आणि रडणं आवरल्यावर तिनं पाटलाला दोन सणसणीत शिव्या घातल्या. मग तिला बरं वाटलं.

आठ दिवसांनी धुरपताबाईचा निरोप आला, पेव बुजवलंय, सारवायला ये. गावाला वाटलं होतं ती जाणार नाही आणि ते बोलावणार नाहीत. पण दुसरीचं सारवण तिथं टिकणार नव्हतं. पाटील पाठ फिरवून पडवीत बसले होते, आणि येडबा तेल कोमट करत होता. दिवाळीपर्यंत तेलाचा पाटील पुन्हा जमिनीत उमटला. फरक इतकाच, की बैठकीत येणारा माणूस आता रामराम घालायच्या आधी टाचेनं जमीन ठोकून बघू लागला.

कासाबाईला मुलगी झाली. बायना रोज सकाळी भिंतीला टेकून पाय पसरून बसे आणि पायांवर नातीला घेऊन तेलानं चोळी. पोर पाय झाडी, तेल ओघळे, आणि महिन्याभरात बायनाच्या स्वतःच्या, उभ्या गावात नावाजलेल्या जमिनीवर भाकरीएवढा काळसर गोल उमटला. सटवाजीला ते खटकलं. तो म्हणाला, जगाचे डाग काढतीस, आपल्या घरचा कामून ठेवलाय?

"ऱ्हाऊ द्या," बायना पोरीच्या पोटावरून हात फिरवत म्हणाली. "ह्या डागाखाली कुनाची जवारी न्हाई."