दारातला राग

"ही लिपी कुणा राजानं प्रजेला छळायलाच काढलेली आहे. हे अक्षर वाचणारा मनुष्य अजून जन्माला यायचाय!" चेन्नईच्या मैलापुरातल्या जपानीच्या वर्गात शेषाद्रीरावांनी जाहीर केलं.

"काका," पुण्याहून आलेली शिक्षिका यामिनी म्हणाली, "तक्ता उलटा धरलाय."

तक्ता सुलटा झाला. राव झाले नाहीत. रेल्वेतून निवृत्त झालेल्या या तंजावरी कारकुनानं उभ्या नोकरीत साहेबापुढे आवाज चढवला नव्हता. ती सगळी शिल्लक आता मुलावर निघायची होती. जपानात नागोयाला राहणारा मुरली आपल्या लेकीबद्दल फोनवर म्हणाला होता, "अप्पा, ऊर्मीला जपानी येतं, पोदुम, पुरे. मराठी शिकून ती बोलणार कुणाशी?"

"माझ्याशी!" हे उत्तर रावांना फोन ठेवल्यावर सुचलं.

"या अक्षराचा अर्थ राग," वर्गात यामिनी सांगत होती. "वर दास, खाली हृदय. जोडशब्दात 'दो', एरवी 'इकारु' किंवा 'ओकोरु'."

"एका रागाला तीन उच्चार? आमच्या घरी एकसुद्धा चालत नाही."

जिभेचा भरवसा नव्हता. म्हणून रविवारी सकाळी त्यांनी बायकोचा कोलमच्या, म्हणजे दारातल्या रांगोळीच्या, पिठाचा डबा पळवला आणि उंबऱ्याबाहेर ते अक्षर हातभर काढलं. बापावर आजोबा रागावलेत, हे नातीला तरी कळू दे.

"अय्यो, दारात राग काढून ठेवलात?" तुळसाबाई कडाडल्या. "लक्ष्मीनं यायचं कुठून?"

"मागच्या दारानं!"

"फ्लॅटला मागचं दार असतं होय?"

तेवढ्यात मुरलीचा व्हिडिओ कॉल आला. रावांनी फोन अक्षरावर धरला.

"अप्पा, हे काय..."

"तू गप्प! माझ्या आईनं मला मराठीत भरवलं, मी तुला. इतक्या पिढ्या तमिळ मुलखात काढल्या, पण घरात ही भाषा राखली. अन् तू ती विमानतळावर टाकून गेलास! मी मेलो तर पोर माझ्यासाठी रडणार कुठल्या भाषेत रे?"

मुरलीनं मान खाली घातली. त्याच्या खांद्यावरून ऊर्मीनं डोकं पुढे काढलं, अक्षर पाहिलं, मग आजोबांना.

"जीजी, ओकोत्तेरु?" आजोबांना ती जपानीत जीजी म्हणायची.

मुरली अर्थ सांगायला गेला.

"नको सांगूस!" राव ओरडले. त्यांचे ओठ हलले. ओकोरु... रागावलात? पोर त्यांनाच विचारत होती.

सुनावायचं अजून बरंच उरलं होतं. पायाशी मुंग्या अक्षराचं पीठ उचलून नेत होत्या.

"मुरली," राव म्हणाले, "तिला म्हण, परत एकदा विचार. जरा हळू."