जन्माचा आवळलेला

"पडला तुमचा कठडा, साडूभाऊ."

"दिसतंय मला. आंधळा नाहीये."

चाचणीच्या मैदानावर धूळ अजून खाली बसली नव्हती. उंच, जड बॅटरीची गाडी थोरल्या साडूच्या कठड्यावरून पलीकडे जाऊन उलटली होती. तरुणपणापासून त्याने घाटाघाटांत रस्त्याकडेला असेच, खांबांवर पत्रा ठोकलेले कठडे बसवले. तेव्हाच्या बुटक्या, हलक्या गाड्या त्यांना घासून निमूट रस्त्यावर परत यायच्या. गाड्या बदलल्या, म्हणून ही चाचणी.

आता पाळी धाकट्या साडूच्या कठड्याची. ज्याचा टिकेल तो टोळीचा मुकादम, असं साहेब म्हणाले होते.

धाकट्याचं घर स्वतःचं. धाकट्याची झोप गाढ. सासूबाईंचं, "धाकटे जावई किती शांत!" त्यावर बायकोचं मान डोलावणं. आणि आता हेही?

टोळीची रीत अशी, की एकाने उभारलेल्या कठड्याचे बोल्ट दुसऱ्याने आवळायचे.

"बोल्टाखाली वॉशरच्या चकत्या नका घालू हं. गाडी धडकून खांब आडवा झाला, की बोल्ट पत्र्यातून निसटला पाहिजे. तरच पत्रा वर राहतो, गाडी अडवतो."

"मला शिकवतोस? तुझ्या लग्नात मी..."

"नवरदेवापेक्षा जास्त जेवलात, ठाऊक आहे." धाकटा हसला. "आवळा. मी परत तपासणार नाही."

तपासणार नाही! हा मोठेपणाही त्याचाच.

थोरल्याने खिशातून चकती काढली. बोल्टात घातली. पाना लावला, आणि...

समोर गवतात त्याचा स्वतःचा कठडा लोळत होता. एकही बोल्ट निसटला नव्हता. धाकट्याच्या आवळण्यावर विश्वास न ठेवता, चकत्या घालून त्यानेच ते पुन्हा जन्माचे आवळले होते. खांब पडले, ते पत्र्याला घेऊनच पडले.

चकती काढून टाकली. जळणं काही थांबलं नाही.

दुसरी गाडी आली. खांब झोपले, पत्रा वर राहिला, गाडी त्याला घासत जाऊन थांबली. टाळ्या पडल्या.

"मुकादम!" कुणीतरी ओरडलं.

"बोल्ट साडूभाऊंनी आवळलेत बरं का!" धाकट्याने सगळ्यांना सांगितलं.

मेला चांगलाही वागतो.

थोरला उलटलेल्या गाडीकडे चालू लागला. चालकाच्या जागी बसवलेला माणसाएवढा पुतळा अजून पट्ट्याला उलटा लोंबकळत होता. त्याला काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. एका हाताने त्याने पुतळ्याचं डोकं धरलं, दुसऱ्याने पट्टा सोडवला, ओढत बाहेर आणून गवतावर नीट बसवलं. मग बाहीने त्याच्या तोंडावरची माती पुसत राहिला.