अस्वलाने शिवलेलं पान

कॅनडातल्या त्या पार्कच्या फाटकावर रेंजर जॉर्जिनाने आमचं बुकिंग तपासलं आणि हातात एक पत्रक ठेवलं. माझ्या बायकोचं, चित्राचं, मराठी कानावर पडताच तिने इंग्रजी सोडलं. ती वसईची निघाली.

"काकू, खाण्याची एकही वस्तू बाहेर ठेवायची नाही हं. थंडीआधी अस्वलं दिवसभर खात असतात. एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागली की ती पुन्हा पुन्हा येतात. मग आम्हाला त्यांना गोळी घालावी लागते."

"अगं बाई! नुसत्या खाण्यावरून?"

"नुसत्या खाण्यावरून."

आमचे जावई शंतनु नियमांच्या बाबतीत भलतेच भाविक. तंबू उभा करण्याआधी त्यांनी शेवेचा पुडा, टूथपेस्ट आणि माझं खोकल्याचं औषध गाडीत लॉक केलं. मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, "बाबा, मिशांना वासाचं तेल लावलंय का?" लावलं होतं. मिशा गाडीत ठेवता येत नसल्यामुळे धुवाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंतनु आणि आमची मुलगी रुचा गवे बघायला गेले. गाडीच्या काचा बंद करून कळपातून हळूहळू फिरायचं, अशी ती सोय आहे. आमचे गुडघे गाडीत आखडतात म्हणून आम्ही मागे राहिलो. गाडी वळणाआड जाताच चित्राने तिच्या पर्समधून डबा काढला.

"आज बाबांची तिथी," ती म्हणाली.

डब्यात भात, दोन वडे आणि बाटलीत खीर.

"हे रात्रभर तंबूत होतं? माझ्या उशाशी?"

"उशाशी कशाला? पायाशी होतं."

तिने कागदी ताटलीत पान वाढलं, स्प्रूसच्या झाडाखाली ठेवलं आणि हात जोडले.

"चित्रा, उचल ते. एखाद्या अस्वलाचा जीव जाईल."

"पाच मिनिटं हो. कावळा शिवला की लगेच उचलते. ते बघा, आलेच."

कावळे होते. कोंबडीएवढे. पण इमिग्रेशनचा अधिकारी कागदपत्रांकडे बघतो तसे ते वड्यांकडे बघत होते. मान तिरकी, घाई अजिबात नाही. पाच मिनिटांची वीस झाली. चित्रा पुटपुटायला लागली, "बाबा, नंदनला मी सांभाळून घेईन. त्याच्याशी भांडणार नाही." नंदन म्हणजे तिचा भाऊ. कावळे ढिम्म. मीही मनातल्या मनात सासऱ्यांची एकदा न विचारता नेलेली छत्री कबूल केली. काही उपयोग झाला नाही.

मग झुडूप हललं.

पूजेला उशिरा आलेला पाहुणा मागच्या बाजूने हळूच शिरतो, तसं ते अस्वल आलं. काळं, तरुण, वीसेक पावलांवर. पत्रकात लिहिलं होतं : पळू नका, शांत आवाजात बोला, मागे सरका. मी शांत आवाजात म्हणालो, "चित्रा, मागे सरक."

"अहो, ताटली! ती त्याने खाल्ली तर मारतील त्याला!" ती पुढे निघाली. मी तिच्या जॅकेटची टोपी धरली आणि तिला ओढत कॅम्पच्या वॉशरूममध्ये नेलं.

खिडकीच्या जाळीतून आम्ही बघत होतो. त्याने भात हुंगला, एक वडा उचलला, खाल्ला. तेवढ्यात जॉर्जिनाचा ट्रक हॉर्न वाजवत आला आणि अस्वल झाडीत गडप झालं. तिला फक्त त्याची पाठ दिसली असावी. ताटली गवतात होती.

"सांगितलं तर मारतील का हो त्याला?" चित्राने विचारलं.

"नाही सांगितलं आणि ते उद्या दुसऱ्याच्या तंबूत शिरलं, तर नक्की मारतील."

चित्राने बाहेर जाऊन स्वतःच सगळं सांगितलं. जॉर्जिनाने ताटलीकडे पाहिलं. "कावळ्याचा घास ना? वसईला आमचे शेजारी ठेवायचे." मग तिचा आवाज एकदम सरकारी झाला. "ही जागा आता बंद. मी इथे कॅमेरा लावते. तीन दिवस. परत आलं नाही तर वाचलं."

विनिपेगला घरी पोचेपर्यंतच्या तीन तासांत शंतनु एक शब्दही बोलले नाहीत. नियमात तसं कुठे लिहिलेलं असेल तर मला माहीत नाही.

पुढचे तीन दिवस चित्रा फोनपाशी बसून होती. जेवण नावापुरतं. फोन वाजला की ती आधी माझ्याकडे बघायची, मग उचलायची. घरातले गरम हवेचे डक्ट साफ करून देणाऱ्या माणसाचा फोन आला, तर त्यालाही तिने विचारलं, "आलं का ते परत?" तो बिचारा म्हणाला, मॅडम, आम्ही गुरुवारी येऊ शकतो. रात्री ती छताकडे बघत पडायची. "बाबांच्या नावाने जीव घेतला मी," एवढंच म्हणायची. तिला हसवण्याचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा मलाच हसू आलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी जॉर्जिनाचा फोन आला. चित्राने तो स्पीकरवर टाकला, कारण कानाला धरायचा तिला धीर नव्हता.

"काकू, कॅमेऱ्यात काहीच नाही. काल तेच अस्वल तळ्यापलीकडे दिसलं. बेरी खात होतं. माणसं दिसताच पळालं."

चित्रा खुर्चीत टेकली. मग डोळे पुसून मला म्हणाली,

"बाबा असेच होते हो. कितीही आग्रह करा, दुसऱ्यांदा कधी वाढून घेतलं नाही."