आत्याची ताठ पाठ

आत्या शाळेत व्यायाम शिकवायची आणि घरीही तिच्या गळ्यात शिट्टी असायचीच. सकाळी माझी पाठ लाकडासारखी आखडलेली असे, बुटाची नाडी बांधायलाही वाकता येत नसे.

"एवढा घोडा झाला, पण नाडी बांधता येत नाही," ती शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची. "आमच्या घराण्यात आळशी कुणी नाही. हे आईकडचं."

आई भांडी घासत राहायची.

मग डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासलं आणि आळसाचं नाव निघालं मणक्याचा आजार. रोगांशी लढायला मदत करणारं एक जनुक माझ्यात अशा प्रकारचं होतं, की शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटायची शक्यता वाढते. ते कुणाकडून आलं याचा निकाल लावायचाच म्हणून आत्याने हट्टाने स्वतःचं आणि आईचंही रक्त तपासायला दिलं.

आईत ते जनुक नव्हतं. आत्यात होतं.

"मग मला कसं काही झालं नाही?" आत्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं. "रोजच्या व्यायामामुळे ना?"

"नाही हो. हे जनुक असलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. तुम्ही सुटलात, एवढंच."

तपासणीसाठी काढलेले बूट मी पायात सरकवले. आत्या कमरेतून सहज वाकली आणि माझ्या नाड्या बांधू लागली. दोन्ही बांधून झाल्या, तरी मान वर करेना.

"उठा वन्सं," आई म्हणाली, "पाठ धरेल."