दहावा चिंचोका

आबांच्या आयुष्यातला शेवटचा साधा दिवस मला नीट आठवतो. १९४६ सालच्या थंडीतला तो एक मंगळवार होता. सकाळी दहाच्या सुमारास आबा खाटेवर उठून बसले, रस्त्याकडे पाहिले आणि रोजच्यासारखे म्हणाले, "पमे, खिडकी लाव. ऊना दख तो."

'तो आला बघ' म्हणजे नासीरभाई. ते रस्त्यावरून आपल्या कापडाच्या दुकानाकडे चालले होते. प्रमिलाबाईंनी खिडकी लावली. आठ वर्षे त्या हेच करत होत्या. मग त्यांनी वडिलांना दुधात कुस्करलेली भाकरी भरवली, औषधाची बाटली उशाशी ठेवली आणि त्या शाळेत शिकवायला गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे आबा गेले.

मित्रांनो, हे सगळे मी कोनाड्यात बसून पाहिले. मी तांब्याचा चंबू आहे. पोट गोल, मान लांब, तोंड अरुंद. १९०९ साली धुळ्याच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले, आणि पितांबर आबांच्या लग्नात मी या घरी आलो. नरडाणा स्टेशनावर उतरून शिरपूरच्या बाजूला निघाले की आमचे गाव लागते. गाव लहान, पण त्याला नगरपालिका आहे, आणि आबा बारा वर्षे तिचे अध्यक्ष होते. कचेरीत जाताना ते मला सोबत नेत. दुसऱ्या भांड्यातले पाणी त्यांना गोड लागत नसे. लहानपणी प्रमिलाबाई चिंच आणि राख लावून मला घासत आणि माझ्या पोटात आपले फुगलेले तोंड पाहून हसत. माझे चांगले दिवस म्हणजे तेच.

१९३८च्या उन्हाळ्यात गावाच्या खालच्या वस्तीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. नगरपालिकेच्या टाकीत पाणी थोडे होते. आबांनी खालच्या नळाची चावी सहा दिवस बंद ठेवायला लावली आणि ते पाणी जिनिंगच्या बॉयलरला दिले. जिनिंग त्यांच्या भावाचे होते. तिसऱ्या दिवशी नासीरभाई भर कचेरीत येऊन उभे राहिले. दोघे लहानपणापासूनचे मित्र, दोघेही सभासद.

"पितांबर, खालनी चावी सोड भो. डबक्यानं पानी पी ऱ्हायनात लोके. पोरं मरी ऱ्हायनात."

"तू कापड मोज," आबा म्हणाले. "पानी मी मोजसू."

कचेरीतले लोक हसले. नासीरभाई हसले नाहीत. त्या सहा दिवसांत प्रमिलाबाईंच्या वर्गातल्या दोन मुली गेल्या. त्यातली शहजादी पहिल्या रांगेत बसायची आणि सतराचा पाढा न अडखळता म्हणायची. प्रमिलाबाई घरी येऊन हे सांगत असताना आबा जेवत होते. "पटकी सगळीकडेच शे," एवढे म्हणून त्यांनी ताक मागितले.

मित्रांनो, खुर्चीवर बसलेल्या माणसाला खाली कसे उतरवतात, हे तुम्हांला माहीत असावे. आमच्या नगरपालिकेत पंधरा सभासद होते. अध्यक्षाला काढायचे तर निदान पाच जणांनी आरोप कागदावर लिहून खाली सह्या करायच्या. त्याची नक्कल अध्यक्षाला द्यायची आणि दहा दिवसांनी खास सभा बोलवायची. त्या सभेत अध्यक्षाने आपल्या खुर्चीवर बसायचे नाही. बाकीच्यांसारखे बाकावर बसून आरोप ऐकायचा आणि उभे राहून उत्तर द्यायचे. मग गुप्त मतदान. पंधरापैकी दहा मते विरुद्ध पडली तरच तो जातो. कोणी घरी बसला तरी दहाचे नऊ होत नाहीत. एवढे अवघड मुद्दामच केलेले असते. नाहीतर रोज कोणीतरी रागावेल आणि रोज अध्यक्ष बदलेल.

पुढाकार तोताराम नावाच्या सभासदाने घेतला. त्याला खालच्या वस्तीची कणव कमी आणि खुर्चीची हौस जास्त होती. पण कागदावर जे लिहिले होते ते खरे होते.

सभेच्या सकाळी छगन कारकून आमच्या दारात घाम पुसत उभा राहिला. मतपेटीच्या तळाला वाळवी लागली होती. निम्म्या सभासदांना वाचता येत नसल्याने मत बियांनी द्यायचे ठरले होते. प्रत्येकाला एक चिंचोका आणि कापसाची एक सरकी मिळणार होती. चिंचोका टाकला तर अध्यक्ष जावा, सरकी टाकली तर राहावा.

"आबा, अरुंद तोंडाचं भांडं पाहिजे होतं. आत काय पडलं ते दिसायला नको असं. गावात एवढं नामी भांडं तुमचंच..." बोलता बोलता आपण काय मागतो आहोत, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याने जीभ चावली.

आबा मोठ्याने हसले. "ली जाय. मनाच घरनं भांडं मना इरोधमा कसं बोलस, दखू दे बठ्ठा गावले!"

आपल्याच घरचे भांडे आपल्याविरुद्ध बोलेल, अशी त्यांना भीती नव्हती. त्यांनी माणसे मोजली होती. विरुद्ध नऊ, बाजूने सहा. सहांमध्ये ते स्वतः, तीन भाऊबंद, नासीरभाई आणि प्रमिलाबाई. प्रमिलाबाई लवकर विधवा होऊन माहेरी आल्या होत्या. बायकांसाठी राखलेल्या एका जागेवर आबांनीच त्यांचे नाव सुचवले होते.

सभेत मला फडक्याखाली ठेवले. एकेक जण येई, फडक्याखाली हात घाली, एक बी माझ्या तोंडात सोडी आणि उरलेली मुठीत झाकून कोपऱ्यातल्या पोत्यात टाकी. लोकांना दिसत नव्हते, पण मी ते हात ओळखत होतो. तोतारामने चिंचोका इतक्या घाईने सोडला की त्याची अंगठी माझ्या काठावर वाजली. नासीरभाईंचा हात बराच वेळ थांबला. मग सरकी पडली. ज्याला भर कचेरीत बोल लावले, त्याला त्यांनी सोडले नाही. प्रमिलाबाईंचा हात गार होता आणि अजिबात थांबला नाही. त्यांनी चिंचोका टाकला.

छगनने मला उपडे केले. दहा चिंचोके, पाच सरक्या.

आबा घरी आले ते एकच प्रश्न घेऊन. दहावा कोण? भाऊबंदांवर त्यांचा संशय गेला नाही. मुलीवर तर जाणारच नव्हता. मग उरले कोण? दुसऱ्या दिवशी नासीरभाई आपण होऊन आले आणि अंगणात उभे राहून म्हणाले, "पितांबर, खुदानी कसम, मी सरकी टाकी."

"कसम ऱ्हाऊ दे. दहा चिंचोका निंघनात."

"मी तुले तोंडवर बोलनू. माघारी कसाले मारसू?"

"चालता व्हय."

प्रमिलाबाई दाराआड उभ्या होत्या. मी वाट पाहिली. त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

त्यानंतर आबांच्या भाऊबंदांनी नासीरभाईंच्या दुकानाची पायरी चढणे सोडले. त्यांच्या मुलीच्या लग्नाला आमच्या गल्लीतले कोणी गेले नाही. पोरेसुद्धा त्यांना 'दहावा' म्हणून चिडवू लागली. आणि मी? आबांनी मला कोनाड्यात ठेवायला लावले. "नजरसमोर ऱ्हाऊ दे त्याले." माझ्यात पुन्हा पाणी भरले गेले नाही. चिंच नाही, राख नाही. मी हिरवा पडलो. माझे काही बिघडले नाही, मित्रांनो, भांडे हिरवे पडते आणि घासले की निघते. पण मला बोलता आले असते, तर आठ वर्षांत रोज एकदा मी बोललो असतो.

तुम्ही मोठे व्हाल, कुठल्या ना कुठल्या सभेत बसाल. मत गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हांला आहे, आणि तो चांगला हक्क आहे. त्याच्या आडोशाने दुर्बळ माणूसही बलवानाविरुद्ध खरे ते करू शकतो. पण तुमच्या मताचा दोष दुसऱ्याच्या अंगाला चिकटताना दिसला, तर त्या आडोशाला बसून राहू नका. अध्यक्षाला काढण्याचे नियम पुस्तकात सापडतात. चिकटलेला दोष काढण्याचा नियम कुठल्याच पुस्तकात नाही.

आबांच्या तिसऱ्या दिवशी ओटा माणसांनी भरला होता. भाऊबंद होते, छगन होता, आता अध्यक्ष झालेला तोतारामही होता. नासीरभाई आले आणि पायरीखालीच उभे राहिले. कोणी "या" म्हटले नाही. उलट एक जण पुटपुटला, "आते कसाले ऊना?"

नासीरभाईंनी ते ऐकले. त्यांनी प्रमिलाबाईंकडे पाहून एवढेच विचारले, "बेटी, जाताना मनं नाव लिधं का त्यानी?"

हो म्हणणे सोपे होते. सगळ्यांनाच ते बरे वाटले असते. प्रमिलाबाई उठल्या, पदर सावरून पायऱ्या उतरल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. ओट्यावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या बोलल्या.

"नाही घेतलं, काका. दहावा चिंचोका माझा होता. आजही मी तोच टाकला असता. पण आबांना मी ते सांगितलं नाही, आणि आठ वर्षं तुम्हांला शिव्या खाऊ दिल्या."