आकडीचा खण

रस्त्यावरून मराठी समितीच्या रामचंद्र मास्तरांचा आवाज आला तसा शिवनंदन मंडलने दोरीवर वाळत घातलेला कागद खसकन ओढला, त्याच्या दोन घड्या केल्या आणि शर्टाच्या आत सरकवला. शाई ओली होती. ती गंजीफ्राकाला लागणार आणि तिथून छातीला लागणार, हे त्याला ठाऊक होते; पण मास्तर तोवर डिचोलीच्या त्या एका खोलीच्या छापखान्याची पायरी चढले होते.

"गोपाळबाब, हँडबिलां जालीं?"

"सांजेर दितां." गोपाळने छपाईच्या ट्रेडल यंत्रावरचा पाय न थांबवता उत्तर दिले. छापखाना त्याचाच. अक्षरांचे खिळे जुळवणारा तोच, छापणारा तोच आणि झाडणाराही तोच.

हँडबिले रविवारच्या मराठीच्या सभेची होती. गोव्याच्या राजभाषेचा कायदा होऊ घातला होता. कोकणी की मराठी यावरून गावे दुभंगली होती, रस्त्यांवर झाडे आडवी पडत होती आणि बसच्या काचा फुटत होत्या. गोपाळ कट्टर मराठीवाला. समितीची पत्रके तो फुकट छापून द्यायचा. भांडण भाषेचे होते आणि दोन्ही बाजूंची भांडायची भाषा एकच, कोकणी, होती; ही गंमत बाहेरून आलेल्या माणसालाच दिसायची. बाहेरून आलेल्याने ती बोलून दाखवू नये, एवढी अक्कलही शिवनंदनला होती.

"मंडलबाब, तुमी हांगाच मेळ्ळे तें बरें जालें," मास्तर त्याच्याकडे वळले. "आयतवारा सभेक येयात. तुमी भाशेचें काम करतात. बोली ती बोली आणि भाषा ती भाषा, इतकेंच दोन शब्द सांगात. भायल्या मनशान सांगल्यार लोक आयकतात."

शिवनंदनने हात छातीवर ठेवला. मास्तरांना तो नमस्कार वाटला असावा. शर्टाखाली कागद कुरकुरला.

"बघतो," तो म्हणाला.

मास्तर गेले तरी त्याचा हात तिथेच होता.

शिरगावच्या खाणीच्या प्रयोगशाळेत तो खनिज तपासायचा आणि उरलेला सगळा जीव 'चानन'मध्ये ओतायचा. 'चानन' हे त्याचे अंगिका मासिक. नावाला मासिक, निघायचे वर्षातून दोन-तीनदा. भागलपूरच्या बाजूला गंगेकाठी लाखो माणसे अंगिका बोलतात आणि शिकलेली माणसे तिला हिंदीची बोली म्हणून बाजूला सारतात, हे त्याचे दुखणे. पहिले अंक त्याने भागलपूरलाच छापले होते. तिथला कंपोझिटर शहाणा होता. 'हमरऽ' लिहिले की तो 'हमारा' करून टाकायचा. आपण चूक सुधारली म्हणून वर हसायचा. अंक हातात पडला की शिवनंदनला रडू यायचे. आईचे लिहिलेले कोणीतरी खोडले असे वाटायचे.

गोपाळने कधी काही सुधारले नाही. लिहिले तसे जुळवले. अंगिकेला ती 'ऽ' आकडी पदोपदी लागते. गोपाळच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीत, त्या मोजक्याच होत्या, म्हणून एक पान छापून खिळे मोकळे झाल्याशिवाय दुसरे जुळवता यायचे नाही. तो कुरकुर न करता एकेक पान करायचा. गोपाळला यातले काही कळत नाही म्हणूनच तो इतके नेमके जुळवतो, अशी शिवनंदनची समजूत होती. तिच्या आधारावर तो निर्धास्त होता.

या अंकाचा अग्रलेख मात्र त्याने फार मोकळेपणाने लिहिला होता. शेजारीण मोठी आहे म्हणून आपण तिची पोर होत नाही. आपल्या आईच्या भाषेला बोली म्हणायचा अधिकार शेजारणीला नाही. त्याने हे हिंदीला उद्देशून लिहिले होते. पण या दिवसांत डिचोलीत ते कोणीही वाचले असते, तर सरळ कोकणीवाल्यांचे पत्रक म्हणून वाचले असते. आणि ते निघत होते मराठी समितीच्या पत्रकांच्याच यंत्रावरून. मास्तरांना कळले तर गोपाळची धडगत नव्हती. गोपाळला कळले, तर या लिखाणात फेरफार न करणारा जगातला एकुलता एक छापखाना शिवनंदनला बंद होणार होता. इकडे आड, तिकडे विहीर.

"शर्ट काड," गोपाळ म्हणाला.

"काय?"

"शाय ओली आसा. सुकली जाल्यार वचना."

म्हणजे त्याने पाहिले होते. शिवनंदनने कागद बाहेर काढला. अग्रलेखाची ओळ न् ओळ त्याच्या गंजीफ्राकावर उलटी उमटली होती.

"गोपाळबाब, हे पान काढून टाकू या," तो घाईघाईने म्हणाला. "लेख लांबलाय. त्याच्या जागी एक गाणं देतो. आमच्याकडे बायका भातलावणीला म्हणतात ते."

"जुळयलां न्हय सगळें?"

"मोडा. तुमची मेहनत फुकट गेली, पण मोडाच."

गोपाळने गाण्याचा कागद घेतला.

रविवारपर्यंतचे दिवस शिवनंदनने धड घालवले नाहीत. नमुने चुकीच्या बाटल्यांत भरले. रस्त्यात कोणी हाक मारली की मास्तरच वाटायचे. चोराच्या मनात चांदणे, तसे. लेख काढला म्हणून सुटल्यासारखे वाटावे, तर तेही वाटेना. भागलपूरच्या कंपोझिटरने शब्द बदलले होते. आपण पानच्या पानच गिळले. दोघांत वाईट कोण, हे त्याला ठरवता येईना.

शनिवारी तो गेला तेव्हा अंक बांधून तयार होते. गोपाळने नेहमीप्रमाणे पहिली प्रत भिंतीवरच्या लईराई देवीच्या तसबिरीपुढे ठेवली आणि हात जोडून गाऱ्हाणे घातले.

"आई म्हामाये, ह्या परक्या मनशाचे कागद ताच्या गांवांत सुखरूप पावय. वाटेर कोणाची नदर पडूं दिवं नाका."

शिवनंदनने ती प्रत उचलली. तिसऱ्या पानावर अग्रलेख होता. होता तसा, आकडीसकट.

"गाणं?" त्याने पुढची पाने भराभर उलटली.

"आकड्यो पावल्यो ना," गोपाळ पाठमोरा राहून म्हणाला. "गाण्याक खूब लागतात."

केस शिवनंदनच्या समोरच होती. आकडीचा खण नव्या चकचकीत खिळ्यांनी काठोकाठ भरला होता. त्याने तो पाहिला आणि नजर वळवली.

"मास्तरांनी वाचलं तर?"

"वाचूं दी. छापलां हांवें, जाप हांव दितलों. आनी फाल्यां सभेक तूं येवं नाका. तुका ताप आयला म्हण सांगतां."

शिवनंदनने गठ्ठा उचलला. आभार मानले असते तर गोपाळ रागावला असता. तो पायरीपर्यंत पोचला तेव्हा मागून आवाज आला.

"मंडलबाब, तिसऱ्या पानावयलें म्हाका पटूंक ना हां."

तो मागे वळला.

"तुम्ही वाचता?"

"जल्मभर खिळे उलटे वाचले हांवें. तुजें तर सुलटें आसा, जुळयतां जुळयतां कळूंक लागलें." गोपाळने हात फडक्याला पुसले. "व्हडली भास म्हळ्यार शेजारीण, म्हण तूं बरयता. म्हज्या आज्यान पोर्तुगेजांच्या काळार लिपून मराठी पोथी वाचली. ताणें ती जपली, तिणें ताका जपलो. ती म्हजी शेजारीण कशी?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. दुखावल्यासारखे काहीतरी होते, आणि ते लेख जुळवला तेव्हापासूनच आत साठले असावे.

बाहेर शिवनंदनला घरी नेणाऱ्या साखळी गावच्या बसने हॉर्न दिला. दंगलींमुळे तीच त्या दिवसाची शेवटची होती. शिवनंदन पायरीवर उभा राहिला. इतक्या वर्षांत 'चानन'ला कौतुकाची पत्रे आली होती, टिंगलीची आली होती. वाचून कोणी भांडायला मात्र आले नव्हते.

त्याने गठ्ठा खाली ठेवला आणि स्टूल ओढले.

"पुन्हा सांगा," तो म्हणाला. "सावकाश सांगा."