मधली खाच

फळी म्हटले की तुम्हाला पुस्तकांचे कपाट आठवत असेल, मित्रांनो. मी तशी नाही. मी पाण्याची फळी आहे. म्हातारी, पाच हात लांब, आणि सध्या एका सरकारी कचेरीतल्या नोंदींच्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहे. इथे पाण्याचा थेंब नाही. जन्म पाण्यात काढलेल्या लाकडाला कोरडे राहणे जमत नाही. माझ्या अंगाला बारीक भेगा पडत असतात आणि त्यांचा आवाज माझ्याशिवाय कुणालाच ऐकू येत नाही.

मला घडवणारा सुतार भारी तिरसट होता. पाच घरांनी मिळून ओढ्यावरून एक पाट काढला होता. त्याचे पाणी पाचही शेतांना सारखे मिळावे, म्हणून सुताराने माझ्या वरच्या कडेला पाच खाचा पाडल्या. प्रत्येक खाच चार बोटे रुंद आणि चार बोटे खोल. पाचही घरांतली माणसे आळीपाळीने बोटे घालून खात्री करू लागली, तेव्हा तो वैतागून म्हणाला, "विश्वास नसेल तर आपापली खाच आपण कापा!" मग मला पाटात आडवी बसवली. पाणी माझ्यापाशी अडायचे, वर चढायचे आणि पाच खाचांतून पाच चाऱ्यांमध्ये पडायचे. ना पहारा, ना भांडण. चाळीस वर्षे मी हे काम केले आणि माझी पाठ थोपटली गेली नाही असा एकही उन्हाळा आठवत नाही. लोक म्हणायचे, "माणसं चुकतील, पण फळी चुकायची नाही." मला तेव्हा फार अभिमान वाटायचा.

त्या पाच घरांची एक रीत होती. ज्याला एखाद्या वर्षी पेरायचे नसेल, तो आपल्या खाचेत चिंध्यांचा बोळा कोंबायचा. मग त्याचे पाणी आपोआप इतर चौघांना जायचे. पुढच्या वर्षी बोळा उपसला की त्याचे पाणी त्याला परत. याची नोंद कुठेच नव्हती. शेजाऱ्याने केलेला उपकार लिहून ठेवायचा असतो, हे कुणाला सुचलेच नाही.

तिसरी, म्हणजे मधली खाच ज्या घराची होती, त्या घरच्या बाईला सगळे मधल्या काकू म्हणत. बोलायला फटकळ, पण मनाने मोकळ्या. ते वर्ष टंचाईचे होते. ऐन पेरणीच्या तोंडावर काकांनी अंथरूण धरले आणि काकू त्यांना शहरातल्या इस्पितळात घेऊन निघाल्या. जाता जाता त्या पाटात उतरल्या. काकांचा जुना निळा सदरा फाडून त्याचा बोळा केला आणि माझ्या मधल्या खाचेत घट्ट कोंबला. वरच्या शेतातले तात्या काठावर उभे होते.

"तात्या, यंदा आमचं रान पडीक राहणार. पाणी तुम्ही वापरा. वाया कशाला घालवायचं?"

"तू काळजी करू नकोस. त्याला बरं करून आण," तात्या म्हणाले.

महिन्याभराने मोजणीवाला आला. नवा नियम निघाला होता. जो पाणी वापरतो त्याने नोंद करायची, परवाना घ्यायचा. जो वापरत नाही त्याचा हक्क संपला. नियमात वाईट काय होते, सांगा? खालच्या अंगाला कितीतरी लोक चोरून पंप लावत होते, त्यांना आळा बसायलाच हवा होता. मोजणीवालाही सालस माणूस होता. गुडघाभर पाण्यात उभा राहून त्याने प्रत्येक खाच पट्टीने मोजली. मधल्या खाचेपाशी येऊन त्याने विचारले, "आणि ही?"

तात्या म्हणाले, "ती बंद आहे."

खरेच होते ते. फक्त 'यंदापुरती' एवढा एक शब्द राहून गेला. तात्या तो शब्द विसरले की त्यांनी तो गिळला, हे मला आजही सांगता येणार नाही. मी तिथेच होते, मित्रांनो. मला सगळे माहीत होते आणि मला तोंड नव्हते. इतके एकटे मला त्याआधी कधीच वाटले नव्हते.

थोड्याच दिवसांत मला उपटून काढले आणि माझ्या जागी चार तोंडांचे लोखंडी दार बसवले. चौघांच्याही वाट्याला पूर्वीपेक्षा जास्त पाणी येऊ लागले, मग बोलणार कोण? तात्यांनी मला आपल्या गोठ्याबाहेर नेले, आडवी पाडून दोन दगडांवर ठेवली आणि माझे बाकडे केले. माझ्या खाचा गोठ्याच्या भिंतीकडे आणि पाठ आकाशाकडे झाली. बोळा मात्र होता तिथेच अडकून राहिला. लोक माझ्यावर बसून पाण्यापावसाच्या गप्पा मारायचे, पण मागे वाकून कुणी पाहायचे नाही.

काकू परतल्या त्या एकट्याच. काका गेले होते. पेरणीला त्यांनी रान तयार केले आणि चारी बघायला गेल्या, तर चारी कोरडी. त्यांनी कचेरीत हेलपाटे घातले. तिथे उत्तर ठरलेले होते. हक्कदारांची यादी तीस दिवस भिंतीवर लावली होती, हरकत का घेतली नाही? भिंतीवर यादी होती तेव्हा काकू इस्पितळात काकांच्या उशाशी बसून होत्या. वर्षभर त्यांनी डोक्यावरून पाणी वाहून कशीबशी एक वाफाभर भाजी जगवली. शेवटी सुनावणीची तारीख मिळाली. पाणी मिळाले नाही तर रान सोडून जाण्यावाचून त्यांना दुसरा मार्ग नव्हता.

सुनावणीच्या सकाळी त्या गोठ्यापाशी आल्या. "तात्या, मला ही फळी पाहिजे."

तात्या माझ्यावरून उठले. त्यांनी काकूंकडे पाहिले नाही. "घेऊन जा. पण मला साक्षीला बोलवू नकोस. बाकीचे तिघं मला गावात राहू देणार नाहीत."

काकूंनी माझे एक टोक उचलले. दुसरे काही केल्या उचलेना. तात्यांनी वाकून दुसरे टोक खांद्यावर घेतले. मला कचेरीत ठेवून तात्या बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले.

"बाई, फळी म्हणजे कागद नव्हे," कारकून म्हणाला.

"कागद नाहीच माझ्याकडे. जे आहे ते आणलंय."

अधिकारी बाई खुर्चीवरून उठल्या. त्यांनी कात्रीच्या टोकाने बोळा उपसून टोपलीत टाकला आणि पाचही खाचांतून बोट फिरवले. एकदा, मग पुन्हा. पाचही खाचा सारख्याच झिजलेल्या आणि गुळगुळीत होत्या. मला सुताराची आठवण आली.

"एवढी जड फळी एकट्या घेऊन आलात?" त्यांनी विचारले.

काकूंनी तात्यांचे नाव घेतले नाही. दाराकडेही त्यांनी पाहिले नाही. मग दारातून आवाज आला.

"दुसरं टोक मी धरलं होतं," तात्या म्हणाले. त्यांचा हात अजून खांद्यावरच होता. "खाच बंद होती ती आमच्यासाठी. त्या वर्षी तिचं पाणी माझ्या रानात गेलं. मी मोजणीच्या साहेबांना अर्धंच सांगितलं."

काकूंचा हक्क परत मिळाला, मित्रांनो. लोखंडी दाराला पाचवे तोंड बसवण्याचा हुकूम निघाला. काकू पदराने डोळे पुसत मला न्यायला वळल्या, तेव्हा कारकून म्हणाला, "हा आता पुरावा झाला. पुरावा परत मिळत नाही."

काकूंनी माझ्या मधल्या खाचेवर तळहात ठेवला. मग टोपलीतून निळा बोळा काढला, झटकला आणि कमरेला खोचला. "हा तरी माझा आहे," असे म्हणून त्या गेल्या. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. त्यांच्या चारीला पाणी आले हे मी फक्त कारकुनाच्या तोंडून ऐकले.

आता माझ्या गळ्यात क्रमांकाची चिठ्ठी आहे आणि शेजारी कागदांचे गठ्ठे. एवढ्या कागदांत मी एकटी लाकडाची. माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. जे वाहते ते कुणीही मोजेल. पण ज्याने दुसऱ्यासाठी आपली वाट बुजवली, त्याचे नाव आधी लिहून ठेवा. आणि कधी या खोलीत आलात, तर माझ्या मधल्या खाचेत बोट घालून पाहा. येताना हात ओला असला तरी चालेल.